आण्णांची डावीकडून चढाई

आण्णा जेवायला येणार असले की माझी बायको मेधा घरातली लिंबं फ्रिजमध्ये अगदी मागे, दह्याच्या डब्याआड लपवून ठेवायची. जेवताना लिंबू लागतंच, म्हणून ती आधीच फोडी करायची आणि प्रत्येकाच्या पानात स्वतःच्या हातानं वाढायची. अख्खं लिंबू आण्णांच्या हाती लागलं की त्याचा फुटबॉल व्हायचा. मग वाट्या सरकायच्या, पेले उभे राहायचे, मिठाची बरणी गोलकीपर व्हायची, आणि आमटी निवत असताना कोल्हापुरातली एक जुनी फायनल शारजातल्या रोल्ला भागात, आमच्या डायनिंग टेबलावर, पुन्हा एकदा खेळली जायची.

"ही वाटी म्हंजे मी. लेफ्ट बॅक," आण्णा सांगायचे. "हा पेला आमचा सेंटर. बघा हं. स्कोर बरोबरीत. ह्यो बॉल मला मिळाला. समोर सगळं मैदान मोकळं. गेलो की मी! हाफ लाइन पार केली. आता मधी पास दिला, ह्या पेल्यानं परत मला द्यायचा, मी आत मारायचा, खलास. गोल!"

पण लिंबू दर वेळी पेल्यापाशीच अडकायचं. तिथून ते विरोधी संघाच्या वाटीकडे जायचं आणि आण्णांनी रिकाम्या सोडलेल्या डाव्या बाजूनं थेट मिठाच्या बरणीवर आदळायचं. आमची मुलगी अन्वी लहान असल्यापासून हा सामना बघत आली होती. एकदा ती न राहवून म्हणाली, "अंकल, यू लॉस्ट द बॉल. अगेन."

"लॉस्ट न्हाई, बाळा," आण्णा जराही न दुखावता म्हणाले. "चाल बरोबर होती. पुढच्यानं पाय आखडला."

"चाल बरोबर होती" हे आण्णांचं वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की त्यांचा चेहरा आठवण्याआधी ते वाक्यच आठवतं.

दुबईत रास अल खोरमधल्या फर्निचरच्या एका वर्कशॉपमध्ये आण्णा फोरमन होते आणि मी त्याच कंपनीच्या ऑफिसात कोटेशनं बनवायचो. ठेंगणे, रुंद खांद्यांचे, मिशा काळ्याभोर रंगवलेल्या, कानामागे पेन्सिल. उभे राहिले की डावा पाय अर्धं पाऊल पुढे. दार उघडायचं तर डाव्या पायानं, ड्रॉवर लावायचा तर डाव्या पायानं. पार्किंगमध्ये प्लास्टिकची बाटली दिसली तर तिला पायाखाली थांबवून, दोनदा घोळवून मगच उचलायचे आणि कचऱ्याच्या डब्यात टाकायचे. स्वच्छतेचं तर त्यांना वेडच होतं. वर्कशॉपमध्ये दिवसभर लाकडाचा भुसा उडायचा, पण संध्याकाळी फरशीवर चिमूटभरही राहिलेला चालायचा नाही. कोपऱ्यात भुसा दिसला की आण्णा त्या माणसाच्या नावानं अशी हाक मारायचे की शेजारच्या गॅरेजमधले लोक काम थांबवून बघायचे.

त्यांच्या हाताखाली केरळचे, पेशावरचे, बिहारचे सुतार होते. ते सगळे हळूहळू कोल्हापुरी बोलायला लागले होते. "यल्ला भावा, चल, उचल की!" ही त्या वर्कशॉपची राष्ट्रभाषा. अवजड सामान हलवणं आण्णांच्या लेखी फुटबॉलच होता. प्लायवूडची चळत या टोकाकडून त्या टोकाला न्यायची तरी हे मध्ये उभे राहून ओरडायचे, "पास दे! लेफ्ट खुला हाय, लेफ्ट!"

एकदा एका व्हिलात वरच्या मजल्यावर भलं मोठं कपाट बसवायचं होतं. ते सुटं करून न्यावं असं सगळे म्हणत होते. आण्णा म्हणाले, अख्खं जाईल. जिन्याच्या वळणावर त्यांनी कपाट डाव्या बाजूनं वळवायला लावलं आणि ते तिथे असं काही रुतून बसलं की ना वर जाईना ना खाली येईना. घरमालकीण वर अडकली, तिचा स्वयंपाकी खाली. तिची मुलं मात्र कपाटाखालून रांगत ये-जा करत होती आणि त्यांना हा खेळ फार आवडला होता. शेवटी कपाट जागेवरच उकलावं लागलं. परतताना पिकअपमध्ये आण्णा कपाटाचे स्क्रू मोजत बसले होते. मला वाटलं, आता तरी हे कबूल करतील.

"चाल बरोबर होती," ते म्हणाले. "जिना चुकला."

त्या जुन्या फायनलमध्ये नेमकं काय झालं होतं, हे आण्णांनी लिंबानं पुष्कळदा सांगितलं होतं. पण त्यानंतर काय झालं, हे कळलं त्यांच्या मेव्हण्याकडून. दिलीप अजमानला राहायचा आणि टाइल्सच्या कंपनीची पिकअप चालवायचा. आमच्या बाजूला माल टाकायला आला की वर्कशॉपच्या दाराशी चहाला थांबायचा. आण्णा त्याला "पावणं" म्हणायचे आणि तो आण्णांना "दाजी." दोघं एकमेकांवर जीव टाकायचे, फक्त फुटबॉलच्या सीझनमध्ये एकमेकांशी बोलायचे नाहीत.

त्याचं कारण सांगायला हवं. कोल्हापुरात फुटबॉलचे संघ पेठांचे आणि तालमींचे असतात. आण्णा एका तालमीचे, दिलीप दुसरीचा. मी त्यांना वरची आणि खालची तालीम म्हणतो. खरी नावं मुद्दाम लिहीत नाही, लिहिली तर दोन्हीकडून फोन येतील. वरच्या आणि खालच्या तालमीचा सामना असला की सख्खे साडूही त्या दिवशी एकमेकांच्या दारात चहा पीत नाहीत. आणि आण्णांच्या त्या फायनलमध्ये रिकाम्या डाव्या बाजूनं येऊन गोल मारणारा पोरगा म्हणजे दुसरा तिसरा कुणी नसून हा दिलीपच. पुढे त्याच्याच बहिणीशी आण्णांचं लग्न झालं.

"गोल मी मारला," दिलीप हसत म्हणाला, "दाजींनी बदला घेतला. आक्काला घेऊन गेले."

मग चहाचा कागदी कप चुरगाळत तो गंभीर झाला. "पण साहेब, लई वाईट झालं हो त्येंचं. वस्ताद लायनीवरनं ओरडत होते, मागं ये, मागं ये! बॅकनं जागा सोडायची नसते. दाजी ऐकलेच न्हाईत. कप गेला. पेठंत कुणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. कुणी कायच बोललं न्हाई. हे चहाच्या गाड्यावर आले की बोलणी बंद. आणि बारकी पोरं मागनं ओरडायची, मागं ये! दूध आणायला निघाले तरी, मागं ये! वरीस झालं नसंल, दुबईचा व्हिसा काढला त्येनी."

मी आण्णांना त्याबद्दल कधी विचारलं नाही. पण त्यानंतर एक गोष्ट लक्षात यायला लागली. आण्णा सुट्टीवर नेहमी पावसाळ्यात जायचे. वर्कशॉपला तेव्हा काम कमी असतं, असं ते सांगायचे. काम जरा कमी असायचं हे खरं. पण पावसाळ्यात कोल्हापुरात सामने नसतात, हेही तितकंच खरं. इतकी वर्षं यूट्यूबवर प्रत्येक मॅच बघणारा हा माणूस एकदाही त्या स्टेडियममध्ये पुन्हा गेला नव्हता.

गेल्या वर्षी आण्णांनी कायमचं परतायचं ठरवलं. ठरवलं म्हणजे वय झालंच होतं आणि कोल्हापुरातून त्यांच्या बायकोनं, सुमनवहिनींनी, फोनवर शेवटचं बजावलं होतं. जूनमध्ये व्हिसा रद्द होणार होता. वर्कशॉपमधल्या सगळ्यांनी आनंद दाखवला, पण आण्णा काही खुलेनात. एके दिवशी माझ्या टेबलाशी येऊन त्यांनी मोबाइलवर एका फ्लॅटचे फोटो दाखवले. शहराबाहेर, हायवेच्या पलीकडे, नवी कॉलनी.

"कसा वाटतो? पार्किंग हाय, लिफ्ट हाय. पेठंत काय, गाडी लावायला जागा न्हाई."

"पण आण्णा, तुमच्याकडे गाडी कुठे आहे?"

"घ्यायची की मग," ते म्हणाले आणि फोटो सरकवत राहिले.

वहिनींना तो फ्लॅट बिलकुल पसंत नव्हता. त्या खालच्या पेठेच्या माहेरवाशीण असल्या तरी आयुष्य वरच्या पेठेत काढलेलं. नवरा परदेशी असताना घर त्यांनी तिथेच चालवलं होतं. फोन स्पीकरवर असायचा, त्यामुळे सगळं मलाही ऐकू यायचं. "तुम्ही जावा हायवेला. मी हितनं हलणार न्हाई. एवढी वर्सं मी एकटी ऱ्हायले ह्या गल्लीत, तुम्हाला काय कुणी खातंय व्हय?" आण्णा कानामागची पेन्सिल काढून तिला टोक करत बसायचे. दुसऱ्या कुणापुढे त्यांनी माघार घेतलेली मी पाहिली नाही. मला त्यांचं फार वाईट वाटायचं. परदेशातून माणसं घरी जायला धडपडतात, आणि हा माणूस घरापासून चार मैल अलीकडेच उतरायची सोय बघत होता.

अशात वरची तालीम फायनलला पोहोचली. समोर खालची तालीम.

सामना रविवारी दुपारी, आपल्याकडच्या वेळेनं चारला, म्हणजे आमच्याकडे अडीचला. आण्णांनी वर्कशॉप उघडायची मालकांची परवानगी काढली. वर्कशॉपला रविवारी सुट्टीच असायची. ऑफिसातला प्रोजेक्टर मी खाली आणला, पांढऱ्या लॅमिनेटचा मोठा बोर्ड भिंतीला टेकवून पडदा केला. शारजा, अजमान, कुठून कुठून कोल्हापूरची माणसं आली. ड्रायव्हर, वेल्डर, प्लंबर, एक बँकेतला मॅनेजर. मधे दोरी बांधली होती. डावीकडे वरची, उजवीकडे खालची. दोरीपलीकडे दिलीप पहिल्या रांगेत बसला होता आणि शिस्तीत आपल्या दाजींकडे बघत नव्हता. हलगी नव्हती, म्हणून पोरांनी प्लायवूडचे तुकडे बडवायला घेतले.

आवाज ऐकून मालक स्वतः आले. अंगात पांढरा पायघोळ कंदुरा, हातात गाडीची किल्ली. या देशात जन्मलेल्या जुन्या लोकांसारखं त्यांचं हिंदी फर्डं. दारात उभे राहून त्यांनी आण्णांना विचारलं, "ये क्या है, विष्णू? वर्ल्ड कप?"

"अरबाब, वर्ल्ड कपसे बडा."

"कौनसा मुल्क?"

"कोल्हापूर," आण्णा म्हणाले.

मालकांनी दोन मिनिटं पडद्याकडे पाहिलं, "माशाल्ला" म्हणाले आणि दोरीच्या डाव्या बाजूला खुर्ची घेऊन बसले. आण्णांना ते शुभचिन्ह वाटलं असावं.

सामना मात्र रटाळ होता. मला फुटबॉल कळत नाही, पण तेवढं कळलं. दोन्हीकडे एकेक गोल होऊन तासभर नुसती ढकलाढकली. आण्णा बसलेच नाहीत. पडद्याच्या डाव्या कडेला, अगदी बोर्डाला चिकटून उभे, डावा पाय पुढे. त्यांची सावली पडद्यावर पडत होती, पण त्यांना बाजूला व्हा म्हणायची कुणाची छाती नव्हती.

वेळ संपत आली होती. वरच्या तालमीच्या गोलकीपरनं बॉल हातानं घरंगळत त्यांच्या लेफ्ट बॅककडे दिला. विशीतला पोरगा, काटकुळा, केस उभे. त्यानं तो मधल्याला दिला, परत घेतला, आणि समोर मोकळं मैदान बघून सुटला. हाफ लाइन ओलांडली. पडद्यावर त्यांचा कोच लायनीवर दोन्ही हात हलवताना दिसला. आणि आमच्या वर्कशॉपमध्ये डावीकडची सगळी माणसं, वरच्याच तालमीची, जुन्या सवयीनं एका सुरात ओरडली, "मागं ये! मागं ये!"

मी आण्णांकडे पाहिलं. त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते. मग ते हळूच, पडद्यातल्या त्या पोराला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "जा."

आणि चित्र थांबलं.

नेट गेलं होतं. पोरगा एक पाय हवेत, बॉल पायापुढे, आणि मधोमध ते पांढरं चक्र फिरत होतं. माणसं किंचाळली. कुणी राउटरकडे धावलं, कुणी मला शिव्या दिल्या, जणू केबल मीच कुरतडली होती. इतक्यात दिलीपचा फोन वाजला. स्क्रीनवर "आक्का" दिसत होतं. कोल्हापुरात जे व्हायचं ते होऊन गेलं होतं, हे सगळ्यांना कळलं. दोन्ही बाजूंनी एकच ओरड उठली, "उचलू नको!" दिलीपनं फोन पालथा घातला.

आण्णांचं यातल्या कशाकडेही लक्ष नव्हतं. त्यांनी बोर्डावर, त्या थांबलेल्या चित्रावर बोट ठेवलं. पोरगा बरोबर तिथेच उभा होता, जिथे आमच्या टेबलावरची ती वाटी नेहमी असायची.

"आता हितं द्यायचा," आण्णा म्हणाले. बोट मधे सरकलं. "सेंटरला. त्यानं थांबवायचा न्हाई. एका टचमधी परत द्यायचा, हिकडं, कोपऱ्यात. ह्यानं पळत जाऊन गाठायचा. आणि बघायचं न्हाई, सरळ आत मारायचा. जमिनीलगत. तिथं कुणीतरी असतोयच."

सगळे पुढे सरकले. पेशावरचा गुल सुतार, ज्याला यातलं ओ की ठो कळत नव्हतं, तोही मान पुढे काढून त्या बोटाकडे बघत होता.

चक्र गेलं आणि चित्र हललं.

पोरानं मधे दिला. सेंटरनं न थांबवता परत दिला. पोरगा कोपऱ्यात पोहोचला, बघितलं नाही, आत मारला. जमिनीलगत. तिथं कुणीतरी होताच.

त्यानंतरचं नीट सांगणं मला जमणार नाही. प्लायवूड फुटलं. दोरी तुटली. बँकेचा मॅनेजर एका वेल्डरच्या खांद्यावर होता. गुलाल कुठून आणायचा, तर पोरांनी भुशाची पोती फोडली आणि ओंजळीच्या ओंजळी वर उधळल्या. मालकांच्या पांढऱ्या कंदुऱ्यावर भुसा, प्रोजेक्टरवर भुसा, माझ्या तोंडात भुसा. मी धास्तावून आण्णांकडे पाहिलं. ते भुशात उभे होते, मिशा पिवळ्या झाल्या होत्या, आणि ते कुणालाच रागावत नव्हते.

सामना संपला, कप वरच्या तालमीचा झाला, तरी कुणी हलेना. पुन्हा पुन्हा तीच चढाई लावायची मागणी. मग कुणीतरी ओरडलं, "करून दाखवा!" आणि सगळे बाहेर अंगणात आले. उन्हात, पार्क केलेल्या ट्रकांमधे, ती चढाई पुन्हा खेळली गेली. बॉल म्हणून फेविकॉलचा रिकामा डबा. गोलकीपर व्हायला मालकांना विनवलं, ते किल्ली खिशात टाकून खरंच उभे राहिले. लेफ्ट बॅक कोण, हे विचारायची गरजच नव्हती. आण्णा धावले. पोट सुटलेलं, पायात सेफ्टी शूज, पण धावले. आणि मगाशी "मागं ये" म्हणून ओरडलेली तीच माणसं दोन्ही बाजूंनी ओरडत होती, "जा! आण्णा, जा!"

धापा टाकत ते ट्रकच्या सावलीत येऊन बसले तेव्हा दिलीप समोर आला. हरलेल्या संघाचा माणूस. त्यानं पाण्याची बाटली पुढे केली. सीझन होता, बोलायचं नव्हतं, तरी बोलला.

"दाजी, त्या टायमाला तुमचा सेंटर थांबला म्हणून बॉल मला मिळाला. न्हाईतर मी कुठला गोल मारतोय. चाल बरोबर होती."

आण्णांनी बाटली घेतली, पण ती उघडायचं विसरले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि माझेही. भुसा गेला, असं आम्ही दोघंही म्हणालो.

मग वहिनींचा फोन आला. मागे हलग्यांचा असा कल्लोळ की त्यांना ओरडून बोलावं लागत होतं. "ऐकतायसा न्हवं? म्हातारे वस्ताद आलेत दारात! इचारत्यात, इष्णू कुठं हाय? आमचा पैला लेफ्ट बॅक कुठं हाय?"

"येतोय म्हणावं," आण्णा म्हणाले. मिशांवरचा भुसा झटकत पुढे म्हणाले, "आणि ऐक. त्या हायवेच्या फ्लॅटवाल्याला न्हाई म्हणून कळीव. तिथनं स्टेडियम लांब पडतंय."

जूनमध्ये ते गेले. एअरपोर्टवर सोडायला आम्ही सगळे गेलो होतो. अन्वीनं त्यांच्या हातात एक लिंबू ठेवलं. मेधानं ते स्वतः तिच्याकडे दिलं होतं.

वर्कशॉपमध्ये नवा फोरमन आला आहे. भला माणूस आहे, कपाटं सुटी करून नेतो. नवा सीझन सुरू झाला तेव्हा एका रविवारी दिलीप आमच्या घरी आला. वरच्या तालमीची पहिलीच मॅच होती. आम्ही दोघं त्याच्या मोबाइलवर बघत बसलो. मला अजूनही खेळातलं फारसं कळत नाही, मी आपला प्रेक्षकांमध्ये ओळखीचा चेहरा शोधत होतो.

तो काटकुळा लेफ्ट बॅक बॉल घेऊन सुटला. कॅमेरा त्याच्याबरोबर डाव्या बाजूनं सरकायला लागला आणि मैदानाच्या कडेला, जाळीपलीकडे, आणखी एक माणूस त्याच्या बरोबरीनं पळताना दिसला. ठेंगणा, रुंद खांद्यांचा, काळ्याभोर मिशा, एका हातानं धोतर सावरलेलं आणि दुसरा हात पुढे केलेला. मागून कुणीतरी बाई त्यांचा सदरा धरायला धावत होती, त्या सुमनवहिनीच असाव्यात. दिलीप मोबाइलवर वाकला आणि हसता हसता, डोळे पुसत ओरडला, "दाजी, वय झालंय! मागं या!"

आण्णा काही मागं आले नाहीत. जाळी संपेपर्यंत पळत गेले.